आतून आलं, एकशे चौतीस वेळा

३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल गेल्या गुरुवारी पोचलं. आत निघालं ते असं: छापील कागदांचा गठ्ठा एक, पानं दोनशे बारा, तुझ्या बेसबॉल संघाची टोपी एक, ह्यांना कपाळावर घट्ट होते तरी घालून बसलेत, संघाचा फोटो एक, कोपरा दुमडलेला, आणि तुझी चिठ्ठी अडीच ओळींची. तिकिटं कमी लावली होतीस, म्हणून पोस्टमनने दारातच जास्तीचे बावीस घेतले. अडीच ओळींसाठी बावीस!

चिठ्ठीत लिहितोस, "ताई, तू हिशेबातली. क्लबने ही आकडेबाई आणून माझ्या शेजारी बसवली आहे, संगणक घेऊन. मला गंडवते आहे का ते बघून सांग." चार दुपारी चष्मा लावून बसले. बेसबॉल मला काही नवा नाही. तू शाळेच्या संघात होतास तेव्हा घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून गुणांची वही माझ्याच मांडीवर असायची.

बाईंनी एक गोष्ट फार नीट मांडली आहे. चेंडू टाकणारा पिचर पहिल्यांदा समोर आला की बॅटवाला चाचपडतो. दुसऱ्यांदा सावरतो. तिसऱ्यांदा समोर आला की त्याची नस ओळखतो. म्हणून तिसरी फेरी सुरू व्हायच्या आत पिचर बदलावा, असं त्या म्हणतात, आणि शंभर सामने मोजून म्हणतात. त्रेसष्टाव्या पानावर एक बेरीज चुकलेली सापडली म्हणून मी मनात खूश झाले. परत केली, तर माझाच हातचा राहिला होता.

तर बाई गंडवत नाहीत. त्यांचं ऐक. मालक काय म्हणालेत ते तूच मला लिहिलं होतंस: यंदा संघ अंतिम सामन्यात गेला तर तूच व्यवस्थापक राहशील, नाहीतर दुसरा बघणार. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तुला दुसरं काम कोण देणार आहे? तुला चेंडूखेरीज काही येत नाही. साधं दूध तापवायला ठेवलंस तर उतू घालवतोस.

देवाच्या दयेने आम्ही दोघं ठीक.

तुझी,
ताई


११ एप्रिल

तीर्थस्वरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

बावीसचं ओरडणं इथपर्यंत ऐकू आलं.

तुझ्या त्या बाईंचं शनिवारचं ऐक. (आता त्या तुझ्याच झाल्या, मला काय.) उंच्या टाकत होता. उंच्या म्हणजे फोटोत मागच्या रांगेत ज्याचं डोकं निम्मं कापलं गेलंय तो. आमचा सगळ्यात चांगला पिचर. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन "हो दादा". नवांपैकी पाचवी इनिंग संपली आणि बाईंनी चिठ्ठी पुढे केली. "दादा, बदला आता. तिसरी फेरी आली."

मी म्हटलं, "बाई, कागदातून डोकं काढून जरा माणसाकडे बघा. कसा उभा आहे! दिव्याच्या खांबासारखा."

"दादा," त्या म्हणाल्या, "खांबांचे आकडे मी ठेवत नाही."

सगळा बाक हसला. मी नाही बदललं. सातवीपर्यंत ठेवला आणि आपण जिंकलो. का ठेवला? आतून आलं, ताई. पोटात काहीतरी हलतं आणि कळतं. तीस वर्षं याच्यावर जगलोय. पाचशे पानं छापली तरी ते त्यात मावायचं नाही.

माझं आतून आलेलं एकदा तरी चुकलंय का? चुकलं असेल तर दाखव. मी टोपी काढून बाईंच्या पाया पडेन.

भावोजींना नमस्कार. टोपी भिजवून, पातेल्यावर घालून वाळवायला सांग, सैल होते.

तुझा,
धाकटा


१७ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

दाखव म्हणालास म्हणून दाखवते, नाहीतर ही वही मी कधी उघडली नसती.

अकरा वर्षं झाली तू व्यवस्थापक होऊन. सामन्यांचं सगळं तू मला पत्रांत लिहितोस. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझा भाऊ किती गुणाचा! ती पत्रं मी जपून ठेवली आहेत. जिथे "आतून आलं" असं लिहिलंस तिथे वहीत एक रेघ, आणि त्याचं पुढे काय झालं ते कळलं की रेघेपुढे बरोबर किंवा चूक. का, म्हणशील. सवय. दुधाचं मांडते, धोब्याचं मांडते, तुझंही मांडलं.

एकूण एकशे चौतीस वेळा. बरोबर अठ्ठावन्न.

मी तीनदा मोजलं. नाणं उडवलं असतंस तरी सदुसष्ट आले असते.

तू खोटं बोलतोस असं नाही रे. पण जिंकलेलं तू विसरत नाहीस आणि हरलेलं तुझ्या लक्षातच राहत नाही. डावऱ्याला ऐन वेळी बॅटिंगला पाठवलं आणि त्याने चेंडू भिंतीपलीकडे मारला, तो किस्सा नऊ पत्रांत आहे. मी एकदाच धरलाय. तोच डावरा पुढच्या महिन्यात तसाच पाठवला आणि तीन चेंडूंत परत आला, ते एका पत्रात, तेही ताजा कलममध्ये.

वाईट वाटून घेऊ नकोस. बाईंचं ऐक, नोकरी टिकव. मी देवापुढे रोज तुझं नाव घेते.

ताई


९ मे

ती. ताईस,
सा. न.

पत्र मिळालं. वही चोख आहे. मीच आंधळा होतो.

त्या दिवसापासून बाई सांगतील तसं. त्या चिठ्ठी देतात, मी हात वर करतो. आठांपैकी सात सामने जिंकलो. गुणतक्त्यात आपण दुसरे. तेवीस तारखेला उपान्त्य सामना, तो जिंकला की अंतिम, म्हणजे नोकरी पक्की. मालक भेटले की पाठीवर थाप मारतात. पेपरवाल्याने लिहिलं, "जुना गडी नव्या युगात." मी बाकावर बसून पाणी पितो. तब्येत सुधारली आहे.

उपान्त्य सामन्यात उंच्या टाकेल. बाई म्हणतात त्या संघातले बॅटवाले तिसऱ्या फेरीतही त्याच्यापुढे चाचपडतात, तेव्हा त्याला या वेळी सातवीच्या शेवटापर्यंत ठेवायचा. वेग कमी नाही, नेम चुकत नाही. सगळं कागदावर आहे.

तो चेंडू उजव्या हाताने टाकतो, पण आठवडाभर पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलतोय. शर्ट चढवताना उजवा हात आधी बाहीत सरकवतो, पूर्वी डावा सरकवायचा. पण ते कुठल्या पानावर नाही, आणि तुझ्या वहीत माझ्या चुका भरपूर झाल्या. मी गप्प आहे.

तुझा,
धाकटा


१४ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. किती पडले ते विचारू नकोस.

तुझं पत्र आलं आणि देवापुढे बसले. माळ बोटांत फिरत होती, मन मात्र त्या बाटलीपाशी. तशीच उठले आणि ट्रंक उघडली. ह्यांनी विचारलं, "जप एवढ्यात झाला?" मी म्हटलं, "देव थांबेल, टपाल थांबणार नाही."

तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. धाकट्या, चूक माझी झाली, आणि हिशेब ठेवणारीने कधी करू नये अशी झाली. दूध आणि रॉकेल एकाच बेरजेत घातलं, खाली एकूण लिटर मांडले आणि तुला पाठवून दिले. बेरीज बरोबर, पण त्या बेरजेला अर्थ काय?

आता वेगळं केलंय. वाच नीट.

आज आपला दिवस आहे, याचा फटका बसणार, हा पुढचा चेंडू बाहेर टाकणार, असलं तुझ्या आतून आलं ते एकशे बारा वेळा. बरोबर अडतीस. तिथे तुझी आशा बोलते, आणि ती फार बडबडी आहे.

याचं काहीतरी बिनसलंय, याला दुखतंय, हा रात्री झोपलेला नाही, असलं आलं ते बावीस वेळा. बरोबर वीस.

बावीसात वीस! ती पत्रं पुन्हा वाचली. "म्हातारा कॅचर खाली बसताना आधी जमिनीकडे बघतो," लिहिलं होतंस. पंधरा दिवसांनी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. "पहिल्या बेसवाला विनोदाला उशिरा हसतोय," लिहिलंस. त्याचा बाप दवाखान्यात होता, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. याला तू आतून आलं म्हणतोस. अरे, हे तू डोळ्यांनी बघितलंस. बघून विसरतोस आणि मग पोटाला श्रेय देतोस.

उंच्याला विचार. तो नाही म्हणेल, तरी विचार. आणि हे पत्र बाईंना दाखव, लपवू नकोस. हुशार बाई आहे, तिला राग येणार नाही.

तू जिंकावंस असं मी देवाजवळ मागत नाही. समोरच्या संघाच्याही बहिणी कुठेतरी हात जोडून बसल्या असतील, त्याने कुणाकुणाचं ऐकायचं? तुला वेळेवर सुचावं, एवढं मागते.

ताई


२५ मे

ती. ताईस,
सा. न.

हरलो. आधी तेच लिहून टाकतो.

तुझं पत्र सामन्याच्या पाच दिवस आधी पोचलं. उंच्याला कपडे बदलायच्या खोलीत गाठला. "खांदा दुखतोय का?"

"कुठे काय, दादा? मजेत." दोन्ही हात गरागरा फिरवून दाखवले. फिरवताना हसत होता. ताई, हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोत हसलेला नाही.

बाईंना पत्र दाखवलं. दोनदा वाचलं त्यांनी. मग दिवसभर खोलीचं दार लावून सहा सामन्यांची चित्रफीत बघत बसल्या. संध्याकाळी बाहेर आल्या, डोळे लाल. "दादा, मला काही सापडलं नाही. वेग तोच, नेम तोच. पण बाटली कुठल्या हाताने उचलतो याला माझ्याकडे रकानाच नाही, म्हणून काही नाहीच असं मी म्हणणार नाही. माझा कागद सातवीपर्यंत म्हणतो. तुम्ही मैदानावर बघा."

पाचवी संपली तेव्हा आपण एका धावेने पुढे. सहावीत उंच्याने पहिलाच बॅटवाला बाद केला, तीन चेंडूंत. सगळं मैदान उभं. कॅचर नाचत टाळी द्यायला गेला, आणि उंच्याने त्याच्यापुढे डाव्या हातातला ग्लोव्ह धरला. उजवा हात खाली तसाच, जड दप्तर धरल्यासारखा.

मी बाकावरून उठलो. बाईंनी कागद बाजूला ठेवला. चालत गेलो. "चेंडू दे."

"दादा, नका ना."

"दे."

दिला. माझ्याकडे बघितलं नाही. बदली आलेल्याने तीन धावा दिल्या. दोन धावांनी हरलो. मागून एकजण ओरडत होता, "म्हाताऱ्या, घरी जाऊन भांडी घास!" त्याला काय माहीत, मला तेही येत नाही.

काल मालकांनी बोलावलं. "उंच्याला का काढलंत? कागदात तर नव्हतं." मी म्हटलं, आतून आलं.  ते म्हणाले, कागदावर चाललात तेव्हा संघ दुसरा आला, म्हणून आणखी एक वर्ष देतो. पण करारपत्रात नवं कलम घातलंय: पिचर कधी बदलायचा ते छापील कागद ठरवील, व्यवस्थापकाने त्यात हात घालायचा नाही. दहा जूनला येऊन सही करायची, नाहीतर क्लबमधल्या माझ्या खोलीची किल्ली परत द्यायची.

उंच्या माझ्याशी बोलत नाही. म्हणजे उरलेले दोन शब्दही गेले.

सही करू का, सांग. आणि यालाही वहीत बरोबर लिहायचं की चूक, ते तूच ठरव. मला कळेनासं झालंय.

धाकटा


३० मे

आदरणीय ताईंना,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुमच्या वहीची झाली आहे. दादांच्या संघात मला आकडेबाई म्हणतात ती मी. पत्ता दादांच्या पाकिटावरून घेतला, त्यांना विचारलेलं नाही.

तुम्हाला एक गोष्ट त्यांनी लिहिली नसणार, म्हणून लिहिते. मालकांनी कारण विचारलं तेव्हा मी त्या खोलीत होते. दादांनी खांद्याचं एका शब्दाने सांगितलं नाही. नुसतं "आतून आलं" म्हणाले आणि ऐकून घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जिन्यात मी भांडले. ते म्हणाले, "बाई, त्याचा खांदा दुखतो हे या इमारतीबाहेर गेलं तर उद्या त्याला कुठला क्लब घेईल? त्याचं सगळं आयुष्य त्या हातावर आहे. मला निदान ताई आहे."

परवा उंच्या गुपचूप डॉक्टरांकडे गेला. मीच नेलं. आत सूज आहे, सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. मी डॉक्टरांना विचारलं, त्या दिवशी सातवीपर्यंत टाकलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित काही झालं नसतं, कदाचित हात गेला असता, असं मागाहून कुणालाच सांगता येत नाही. मला आकड्यात उत्तर हवं होतं. मिळालं नाही. उंच्या घरी जाताना एवढंच म्हणाला, "दादांना सांगू नका, मलाच सांगायचंय." अजून त्याचा धीर झालेला नाही.

माझी एक विनंती आहे. ते बावीस प्रसंग मला उतरवून पाठवाल का? दादांना तेव्हा नेमकं काय दिसलं होतं, त्यांच्याच शब्दांत. मला त्याचा रकाना करायचा आहे. आज तो माझ्याकडे नाही, आणि मी कागद पूर्ण आहे असं समजून चालले होते.

आपली,
आकडेबाई


४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या बाईंचं पत्र आलं. काय लिहिलंय ते सांगणार नाही, पण तू मला काय लिहिलं नाहीस ते कळलं. वाचून स्वयंपाकघरात जाऊन बसले. हे आत आले आणि म्हणाले, "रडतेस कशाला, हरला म्हणून?" मी म्हटलं, "हो." ह्यांना कुठे सगळं सांगत बसू!

बावीस प्रसंग उतरवून झाले, उद्या टपालात पडतील. तुझ्या पत्रातली तुझी वाक्यं जशीच्या तशी घेतली, शुद्धलेखन मात्र सुधारलं.

वहीत काय लिहू, विचारलंस. सामना हरलास, ते सामन्यांच्या यादीत लिहिलं. त्या हाताचं जे झालं नाही ते कुठे मांडू? दिवे मालवून झोपलं म्हणून घर जळलं नाही, याची नोंद कुठल्या घरात असते? मी तेविसावी तारीख घातली आहे आणि पुढे काही लिहिलेलं नाही. ते देवाला मांडू दे, त्याला पुढचंही दिसतं. तुला बरोबर म्हटलं तर तू पुन्हा डावऱ्याला पाठवायला लागशील. चूक म्हणायला माझा हात धजत नाही.

आता सहीचं. माझं ऐकणार असशील तर सही कर. त्यातलं बरंचसं कलम न्याय्य आहे. कुणाचा फटका बसणार, कोण किती फेऱ्या टिकणार, हे कागदाला ठरवू दे. त्या एकशे बारांचा मला वीट आलाय, आणि खरं सांग, तुलाही आलाय. पण सही करण्याआधी त्या कलमाखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिही: "खेळाडूला दुखतंय असं मला दिसलं तर मी कुणाला न विचारता त्याला काढीन." कुणाचं नाव घालू नकोस. कुणी विचारलं तरी सांगू नकोस. मालकांसमोर लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही, तुझं अक्षर तुलाच वाचता येत नाही.

ते मान्य म्हणाले तर खाली सही कर आणि पुढच्या वर्षी बाईंचा शब्द मोडू नकोस. त्यांनी ती ओळ खोडली, तर कागद टेबलावर तसाच ठेव, किल्ली त्याच्यावर ठेव आणि नमस्कार करून बाहेर ये. भांडू नकोस. मागची खोली झाडून घेतली आहे. शाळेच्या मैदानावर पोरी हल्ली खेळतात, त्यांना शिकवायला कुणी नाही. पगार नसेल. दोन वेळचं जेवण आमच्याकडे आहे, आणि दूध मी तापवीन.

भीती वाटते आहे, हे लिहून ठेवते, तुला ते दिसल्याशिवाय राहणार नाही म्हणून. नोकरी जावी असं मला वाटत नाही. पण ती ओळ नसलेल्या कागदावर तू सही केलेली मला बघवणार नाही.

दहा तारखेला मी सकाळपासून देवापुढे बसेन. ओळ राहिली की खोडली, एवढं उलट टपाली कळव.

तुझी,
ताई